पिवळ्या बंधाची जाडी: उंदीर, ससे आणि परळचा प्रश्न

रायपूरजवळच्या बीरगांवहून उरला आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांत सायकलवाले अजूनही पुष्कळ आहेत. रोलिंग मिल, स्पंज आयर्न, गोदामातली हमाली अशी कामे करत पन्नाशी-साठी गाठलेल्यांना एक आजार गाठतो. त्याचे वर्णन ऐकून घरच्यांचा विश्वासच बसत नाही. माणूस सायकलवर चार-पाच किलोमीटर सहज जातो, पण बाजारात पायी शंभर-दोनशे पावले टाकली की पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, मुंग्या येतात. कुठे ओट्यावर टेकले किंवा उकिडवे बसले की थोड्या वेळात बरे वाटते. कामाचा कंटाळा म्हणून सोंग करतो, असे म्हणायला लोक मोकळे होतात. सोंग नसते. सायकलवर माणूस पुढे वाकतो तेव्हा कमरेच्या मणक्यांमधली नसांची नळी थोडी मोकळी होते आणि ताठ उभा राहून चालू लागला की ती आवळते. १९७७ साली डिक आणि डॉयल या डॉक्टरांनी सायकल हीच चाचणी म्हणून वापरावी असे लिहिले, ते याच कारणाने. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर सायकलवरही पाय दुखतात. नसा दबलेल्या असतील तर सहसा दुखत नाहीत.

या आवळण्यात तिघांचा हात असतो. पुढून दोन मणक्यांमधली चकती फुगते, बाजूंनी मणक्यांचे छोटे सांधे वाढतात आणि मागून एक बंध नळीत घुसतो. हा मागचा बंध म्हणजे लिगामेंटम फ्लेवम, आपण त्याला पिवळा बंध म्हणू. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक दोन मणक्यांच्या मागच्या कमानींमध्ये तो डावा-उजवा असा जोडीने ताणलेला असतो. शरीरातले बहुतेक अस्थिबंध पांढरे असतात, कारण त्यांत कोलॅजेनचे न ताणणारे धागे जास्त असतात. या बंधात सुमारे ऐंशी टक्के इलॅस्टिन आणि वीस टक्के कोलॅजेन असते, म्हणून तो पिवळा दिसतो आणि रबरासारखा ताणला जातो. वाकल्यावर लांब होऊन परत सरळ होताना त्याने सुरकुती न पडता आखडून घ्यावे, नळीत लोंबू नये, अशी त्याची रचना आहे. निरोगी माणसात त्याची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर असते. चार मिलिमीटरच्या वर गेली की बहुतेक अभ्यासक त्याला जाड झालेला म्हणतात. सर्वांत जास्त जाडी कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये सापडते आणि वाकण्या-वळण्याचा मोठा भारही तिथेच असतो.

हा बंध दुखण्याचे कारण होऊ शकतो हे शल्यचिकित्सकांना शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. न्यूयॉर्कच्या एल्सबर्ग यांनी १९१३ मध्ये जाड पिवळ्या बंधाने नस दबल्याचे लिहिले. १९३१ मध्ये टाउन आणि राइशर्ट यांनी, १९३७ मध्ये स्परलिंग, मेफील्ड आणि रॉजर्स यांनी त्यात भर घातली. पुढे चकती सरकण्याचा शोध गाजला आणि बंध मागे पडला. १९५४ मध्ये नेदरलँड्सच्या हेन्क फरबीस्ट यांनी अरुंद नळीचे आणि चालताना येणाऱ्या त्या विशिष्ट जडपणाचे चित्र नीट मांडले, तेव्हा तो पुन्हा चर्चेत आला. आज म्हाताऱ्या माणसांवर होणाऱ्या मणक्याच्या शस्त्रक्रियांचे एक मोठे कारण हीच अरुंद नळी आहे. तरीही बंध जाड होऊ नये म्हणून देता येईल असे एकही औषध नाही. गोळ्या, फिजिओथेरपी, इंजेक्शन हे दुखणे सुसह्य करतात. बंध जागच्या जागी राहतो. असे औषध शोधायचे तर आजार कसा घडतो ते टप्प्याटप्प्याने पाहावे लागेल, आणि जिवंत माणसाच्या कमरेत ते पाहता येत नाही. म्हणून प्राणी लागतात.

प्राण्यांवर येण्याआधी मूळ वाद सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या मुंबईत सर्वांत ठामपणे मांडला गेला आहे. बंध खरोखर वाढून जाड होतो, की चकती खचल्याने दोन मणक्यांमधले अंतर कमी होते आणि सैल पडलेल्या बंधाला वळी पडून तो नुसता जाड दिसतो? एमआरआयच्या आडव्या छेदात दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात मेंदू-मणका शल्यचिकित्सा विभागाचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल यांचे म्हणणे असे, की मूळ दोष मणक्यांच्या छोट्या सांध्यांच्या अस्थिरतेत आहे. सांधे एकमेकांवर सरकतात, मणके जवळ येतात, बंधाला वळी पडते, चकती फुगते. हे सगळे त्या अस्थिरतेचे परिणाम. म्हणून सांध्यात छोटा तुकडा बसवून त्याला पुन्हा फाकवले आणि पक्के केले, तर बंध न काढताही नळी मोकळी व्हावी. २०१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कमरेच्या अरुंद नळीच्या २१ रुग्णांवरचा सुरुवातीचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे तर नळी न उघडता केवळ मणके पक्के करण्याचा आग्रह त्यांनी धरला.

जगातले बरेच शल्यचिकित्सक याच्या उलट वागतात. ते मागची हाडाची कमान आणि जाड बंध काढून नसा मोकळ्या करतात आणि शक्य तिथे मणके पक्के करणारे स्क्रू टाळतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या २४७ रुग्णांच्या चाचणीत नळी मोकळी करण्याबरोबर मणके जोडल्याने दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. स्क्रू टाकायचे की नाहीत, या प्रश्नावर लाखो रुपये आणि माणसाची पाठ अवलंबून असते. नागपूर किंवा रायपूरच्या रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आणि हा वाद नेमका अशा जागी अडला आहे जिथे प्राणी काही सांगू शकतात: ताण आधी की वाढ आधी, आणि ताण काढला तर वाढ थांबते का.

माणसाच्या बंधातून काय दिसते ते एकदा जवळून पाहू. शस्त्रक्रियेत हा बंध केरिसन पंच नावाच्या हत्याराने चिमटीएवढ्या तुकड्यांत काढतात. तरुण माणसाचा तुकडा मऊ, पिवळा, ओढला तर लांबणारा असतो. जाड झालेला तुकडा पांढुरका आणि चरबट लागतो, कधी आत चुन्याची कणी सापडते. त्याचे पातळ काप करून इलॅस्टिन काळे आणि कोलॅजेन लाल दाखवणारा रंग दिला की फरक उघड होतो. निरोगी बंधात काळे धागे एका दिशेने, जवळजवळ समांतर धावतात. आजारी बंधात ते तुटलेले, विरळ झालेले, काही ठिकाणी गायब असतात आणि त्यांच्या जागी लाल कोलॅजेनची दाट पट्टी पसरलेली असते. ही पट्टी सगळीकडे सारखी नसते. जपानच्या कोइची साइर्यो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले, की ती बंधाच्या मागच्या, नसांपासून दूरच्या बाजूला जास्त असते, आणि गणिती प्रतिकृतीत ताणही त्याच बाजूला जास्त येतो. दोन वर्षांनी त्यांनी आणखी पुढे जाऊन म्हटले, की ही जाडी म्हणजे दाहानंतर साठत गेलेला वण आहे. सारखा ताण बसतो, बारीक इजा होते, भक्षक पेशी येतात, टीजीएफ-बीटा-१ सारखी द्रव्ये सुटतात, तंतुपेशी कोलॅजेन विणतात, वणावर वण चढतो. माणसाच्या बंधातल्या पेशी बशीत वाढवून यंत्राने ताणल्या तर त्या कोलॅजेन जास्त बनवतात, हे २००२ मध्येच नाकातानी यांच्या गटाने दाखवले होते.

गोष्ट पटण्यासारखी आहे. पण साइर्यो यांच्याकडे आलेले तुकडे आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले होते. कोणती गोष्ट आधी घडली हे मेलेल्या तुकड्यावरून ठरत नाही.

प्राण्यांची पहिली फळी या प्रश्नासाठी तयारच झाली नव्हती. १९८९ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये ओल्मार्कर यांच्या गटाने डुकरांच्या नसांच्या जुडग्यावर फुग्याने मोजून दाब दिला आणि पाच-दहा मिलिमीटर पारा इतक्या कमी दाबालाही बारीक शिरांतले रक्त थांबू शकते असे पाहिले. १९९० मध्ये डेलामार्टर यांनी बीगल कुत्र्यांच्या नळीला २५, ५० आणि ७५ टक्के आवळणारे पट्टे बसवले. नस दबल्यावर तिचे काय होते हे आज आपल्याला जे कळते, त्यातले बरेच या कामातून आले. बंध मात्र त्यात कुठेच नाही. बाहेरून आवळले तर परिणाम दिसतो, आवळणारी गोष्ट कशी तयार झाली ते कळत नाही. अशा प्रयोगांना अरुंद नळीचे मॉडेल म्हणून सरसकट मोजणाऱ्या लेखांत हा फरक पुसला जातो, आणि मला ती या क्षेत्रातली मोठी गफलत वाटते.

खरे काम २०१७ मध्ये दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी आले, दोन्ही जपानमध्ये.

क्युशू विद्यापीठातल्या साइतो, योकोता, कोबायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या उंदरांच्या कमरेला वारंवार पुढे-मागे वाकवणारे यंत्र बनवले. बारा आठवडे हा ताण दिल्यावर बंध जाड झाला. कोलॅजेनचे क्षेत्र वाढले, पेशींची संख्या वाढली, वण बनवणाऱ्या अनेक जनुकांची हालचाल वाढली. इथवर माणसाशी जुळते. पण माणसाच्या जाड बंधाची जी ओळखीची लक्षणे, म्हणजे भक्षक पेशींची गर्दी, नवीन रक्तवाहिन्या, टीजीएफ-बीटा-१ ची वाढ, त्यातले काहीच या उंदरांत दिसले नाही. साइतो यांनी हे झाकून ठेवले नाही, निबंधाच्या गोषवाऱ्यातच लिहिले, याचे मला फार मोल वाटते. मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. बंधाला बारीक इजा केली, म्हणजे भक्षक पेशी तिथे येतील. त्या आल्या. दोन आठवड्यांत टीजीएफ-बीटा-१ वाढले, कोलॅजेन भरमसाट तयार झाले आणि सहा आठवड्यांनी बंध जाड झाला.

म्हणजे एकाच प्रयोगशाळेत जाडीचे दोन रस्ते सापडले. एक नुसत्या ताणाचा, दाहाशिवाय. दुसरा इजेचा, दाहासह. माणसात हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले असणार: वर्षानुवर्षे ताण, त्यात कधी तरी चिरा, मग दाह, मग पुन्हा ताण. उंदराने ही गुंतागुंत दोन धाग्यांत उकलून दिली, ही त्याची खरी मदत. पण यातला कोणताही एक उंदीर घेऊन त्याला कमरेच्या अरुंद नळीचा आजार म्हणणे चूक ठरेल. भक्षक पेशी रोखणारे औषध पहिल्या यंत्रावरच्या उंदराला देऊन पाहिले, तर ते निरुपयोगी वाटेल, कारण रोखायला तिथे पेशीच नाहीत. तेच औषध इजेच्या उंदराला दिले, तर रामबाण वाटेल, कारण तिथे दुसरे काही नाहीच. मॉडेल निवडतानाच उत्तर निवडले जाते. औषधाचे निकाल वाचणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावे.

दुसरे काम ओसाका शहर विद्यापीठातल्या हायाशी, सुझुकी आणि त्यांच्या गटाचे. परळच्या वादाला ते थेट भिडते. त्यांनी ससे घेतले. एका गटात कमरेच्या एका जोडीच्या वरचे आणि खालचे मणके एकमेकांना जोडून पक्के केले, म्हणजे सगळी हालचाल मधल्या एकाच जोडीवर लोटली गेली. दुसऱ्या गटात तीच जोडी पक्की केली, म्हणजे तिथला ताण निघून गेला. ताण एकवटलेल्या जोडीतला बंध बिघडला: लवचिक धागे तुटले आणि त्यांच्या जागी कूर्चेसारखा मसाला साठला, अगदी रुग्णांच्या बंधात दिसतो तसा. पक्क्या केलेल्या जोडीत उलट झाले, कूर्चेचे कोलॅजेन बनवणाऱ्या जनुकाची हालचाल घटली. मणके जोडल्याने बंधाचा स्वभावच बदलू शकतो, असे या गटाने सुचवले. २०१९ मध्ये याच सशांवर पुढे काम करून ताणाखाली वाढणाऱ्या एफजीएफ-९ या वाढद्रव्याकडे त्यांनी बोट दाखवले.

म्हणजे ससा गोयल यांच्या बाजूने बोलतो का? अर्धे बोलतो. ताण हा नुसता साथीदार नसून कारण आहे, ताण हटवला तर बंधातली घडण वेगळ्या दिशेला जाते, हे सशाने दाखवले. पण त्याच वेळी त्याने हेही दाखवले, की बंधाच्या आतले द्रव्य खरोखर बदलते. तिथे नुसती वळी पडत नाही. लवचिक धागे तुटलेल्या बंधाला अंतर वाढवून सरळ केले, तरी तुटलेले धागे सांधले जाणार नाहीत. प्रौढ वयात शरीर नवीन इलॅस्टिन जवळजवळ बनवत नाही. आणखी एक गोष्ट: ओसाकाच्या सशांचे मणके पक्के केले तेव्हा त्यांचे बंध निरोगी होते. रुग्ण मात्र बंध जाड झाल्यावर डॉक्टरकडे येतो. आधी बंध जाड होऊ द्यायचा, मग ती जोडी पक्की करायची आणि बंध पातळ होतो का ते महिनोन्महिने पाहायचे, असा प्रयोग या वादाचा निकाल लावण्याच्या सर्वांत जवळ जाईल. माणसांतून काही सूचना मिळाल्या आहेत. मागून काही न काढता पोटाच्या बाजूने चकतीच्या जागी पिंजरा बसवून मणके अडकवलेल्या रुग्णांच्या नंतरच्या एमआरआयमध्ये बंध हळूहळू पातळ झाल्याची निरीक्षणे आहेत. मात्र त्यात अंतर वाढल्याने वळी सुटली की द्रव्य खरोखर घटले, हे चित्रावरून वेगळे करता येत नाही. तिथे पुन्हा सशाचा काप लागेल.

आता उभे राहण्याचा प्रश्न. माणूस दोन पायांवर चालतो म्हणून त्याची कंबर दुखते, ही समजूत इतकी घट्ट आहे की तिच्यापायी प्राण्यांचे फार हाल झाले. १९५७ मध्ये गॉफ आणि लँडमेसर यांनी पुढचे पाय कापलेले उंदीर अस्थिरोग संशोधनासाठी सुचवले आणि पुढे अनेकांनी ते वापरले. २००१ मध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: हे उंदीर खरेच जास्त वेळ ताठ उभे राहतात का? निरीक्षणातून तसे दिसले नाही. शिवाय हॉलंडच्या स्मिट यांनी २००२ मध्ये दाखवले, की चार पायांच्या प्राण्याचा कणाही मुख्यतः लांबीच्या दिशेनेच दाबला जातो. त्यांच्या मणक्यांतल्या हाडाच्या काड्या त्याच दिशेने मांडलेल्या असतात, कारण कणा सरळ ठेवायला स्नायूंना दोन्ही बाजूंनी ओढावे लागते. म्हणजे चौपायाला अपात्र ठरवण्याचे कारणच अर्धे कोसळते आणि पाय कापण्याचे समर्थन पूर्ण कोसळते. असे प्रयोग आता कोणत्याही समितीने मंजूर करू नयेत.

ग्वांगझूच्या गटाने यातून बरा मार्ग काढला. उंदराला पाण्यात बसणे आवडत नाही. अरुंद भांड्यात तळाशी थोडे पाणी ठेवले की तो आपणहून मागच्या पायांवर उभा राहतो. दिवसातले काही तास, मधे विश्रांती देऊन, आठवडेच्या आठवडे. २०१९ मध्ये त्यांनी या उंदरांत चकती आणि छोटे सांधे झिजल्याचे दाखवले. २०२० मध्ये याच पद्धतीने बंध जाड करून सीआरएलएफ-१ या जनुकाचा त्यात मोठा वाटा असल्याचे मांडले. ते जनुक दाबले तर जाडी कमी राहिली. इथे कापाकापी नाही, यंत्र नाही, आणि चकती, सांधा, बंध हे तिघे एकत्र बिघडतात. माणसातही ते तसेच एकत्र बिघडतात. मला आजच्या घडीला हे मॉडेल सर्वांत उपयोगी वाटते. भिजण्याचा ताण, झोपेची मोडतोड, शरीरातल्या तणावद्रव्यांची वाढ यांचा बंधावर काय परिणाम होतो हे वेगळे मोजले मात्र पाहिजे.

काही गोष्टी उंदरात येणारच नाहीत. त्याचा बंध इतका लहान की सूक्ष्मदर्शकाशिवाय मोजता येत नाही आणि कापाचा कोन थोडा चुकला तरी जाडी बदलते. बारा आठवडे म्हणजे दोन वर्षे जगणाऱ्या उंदराच्या आयुष्याचा सुमारे नववा भाग, तोही बहुधा तरुणपणाचा. माणसात ही प्रक्रिया तीस-चाळीस वर्षे चालते. स्वीडनच्या उप्सालामधल्या वेस्टरमार्क यांनी २०१४ मध्ये लिहिले, की वृद्धांच्या काढलेल्या बंधांत ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचे अमायलॉइड, म्हणजे साचलेले थर, बऱ्याचदा सापडते आणि अरुंद नळीचे ते नेहमीचे कारण असू शकते. उंदराचे स्वतःचे ट्रान्सथायरेटिन माणसापेक्षा टिकाऊ असते, सहजी साचत नाही. त्यामुळे हा धागा साध्या उंदरात कधीच दिसणार नाही. मधुमेहाचेही तसेच. मधुमेही रुग्णांत बंध जास्त जाड आढळतो असे अनेक अभ्यास सांगतात, पण ताणाचे बहुतेक प्रयोग निरोगी, तरुण प्राण्यांवर झाले आहेत. आपल्याकडे पन्नाशीतला मधुमेही हमाल हा काही विरळा रुग्ण नाही. त्याच्याशी मिळतेजुळते मॉडेल हवे असेल, तर वय, साखर आणि ताण या तिन्ही गोष्टी एकाच प्राण्यात आणाव्या लागतील.

शेजारचा एक आजार इथे घोळ घालतो, म्हणून त्याचा उल्लेख. बंध जाड होणे वेगळे आणि बंधाचे हाड होणे वेगळे. हाड होण्याच्या अभ्यासासाठी जपानमध्ये टाचा उचलून चालणारा ट्वाय नावाचा उंदीर आपोआप सापडला, आणि १९९८ मध्ये ओकावा यांच्या गटाने त्याचा दोष एका जनुकात शोधला. ते काम उत्तम आहे, पण झिजेने जाड होणाऱ्या बंधाला ते लागू करू नये. आपल्या भागासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. पाण्यातल्या फ्लोराइडने अस्थिबंधांचे हाड होते आणि पिवळा बंधही त्यातून सुटत नाही. मज्जारज्जू दबून पाय लुळे पडल्याची उदाहरणे भारतीय शल्यचिकित्सकांनी वारंवार लिहिली आहेत. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यात हा आजार प्रथम नोंदला गेला, आणि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडचा प्रश्न अजून आहे. विदर्भातून छत्तीसगडात कामाला आलेल्या माणसाच्या कमरेचा एमआरआय वाचताना तो कोणत्या विहिरीचे पाणी पीत वाढला, हे विचारणे त्यामुळे गरजेचे ठरते.

एक प्राणी असा आहे ज्याला आजारी करावे लागत नाही, तो कुत्रा. वय झालेल्या जर्मन शेफर्डला कमरेच्या शेवटी नळी अरुंद होण्याचा आजार होतो. मागचे पाय ओढत चालणे, उडी टाळणे, शेपूट न हलणे ही त्याची लक्षणे, आणि त्यात चकतीबरोबर पिवळ्या बंधाचीही वाढ असते. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींत मानेतली नळी अरुंद होते, तिथेही हा बंध जाड सापडतो. हा कुत्रा माणसाच्या घरात, माणसाच्या वेळेने, वर्षानुवर्षे म्हातारा होतो. त्याचा मालक त्याला डॉक्टरकडे नेतो, त्याचे चित्र काढले जाते, कधी त्याची शस्त्रक्रिया होते. काढलेला बंध जपून ठेवला, तर एकाही निरोगी कुत्र्याला इजा न करता आजाराचे वेगवेगळे टप्पे हाती येतील. परळमध्ये केईएम आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. माणसाचा बंध एका इमारतीत निघतो, कुत्र्याचा दुसरीत. दोन्ही एकाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला परदेशी निधीची गरज नाही. आपल्या जवळचे बघायचे तर रायपुरात एम्स आणि पंडित जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय. गाडीने तास-सव्वा तास.

कायदाही याच दिशेला नेतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ मध्ये प्रयोगांचे नियम झाले. उंदीर, ससे अशा लहान प्राण्यांवरचे प्रयोग संस्थेच्या नीतीसमितीला मंजूर करता येतात, कुत्र्यासारख्या मोठ्या प्राण्यासाठी केंद्रीय समितीची परवानगी लागते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेली तीन सूत्रे, म्हणजे शक्य तिथे प्राणी टाळा, लागतील तितकेच वापरा, त्रास कमी करा, आता सगळीकडे मान्य आहेत. पिवळ्या बंधाच्या क्षेत्रात ती पाळणे अवघड नाही, कारण माणसाचा आजारी बंध शस्त्रक्रियेत रोजच काढून टाकला जातो.

माझे मत असे बनले आहे. बंध का जाड होतो याचे यांत्रिक उत्तर उंदरांनी आणि सशांनी दिले आहे: वारंवारचा ताण पुरेसा आहे, दाह त्याला जोर देतो. बंध जाड होतो की वळी पडते, या वादात दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत आणि पूर्ण निकाल जाड झालेल्या बंधावर ताण हटवून केलेल्या सशाच्या प्रयोगातूनच येईल. तो येईपर्यंत प्राण्यांचा दाखला देऊन रुग्णाला स्क्रू घ्यायला लावणे किंवा त्यापासून परावृत्त करणे, दोन्ही घाईचे. औषधाची आशा एकाच मॉडेलवर बांधू नये. निदान इजेचा उंदीर, उभा राहणारा उंदीर आणि माणसाचा जतन केलेला बंध या तिन्हींत त्याचा परिणाम दिसला पाहिजे. आणि एकाही प्रयोगात हमालासारखे ओझे घेऊन वाकणे-वळणे आलेले मला आढळले नाही. यंत्र उंदराला पुढे-मागे वाकवते. उरल्यातला माणूस पोते उचलून कमरेत पिळवटतो. तो ताण कसा वेगळा आहे, हे मोजायला हवे.

म्हणून रायपूर आणि नागपूरच्या मणक्याच्या शल्यचिकित्सकांना एक विनंती. कमरेतून काढलेला पिवळा बंध फेकू नका. रुग्णाची संमती घेऊन तो जपा, आणि त्याच्याबरोबर चार ओळी लिहून ठेवा: वय, मधुमेह आहे का, कोणते काम किती वर्षे केले, कोणत्या गावचे पाणी प्यायले. कामाची नोंद असलेले असे शंभर तुकडे जमले, तर पुढच्या उंदराला कोणता प्रश्न विचारायचा हे बीरगांवच्या माणसांकडूनच कळेल. आणि वाचकांना एवढेच: घरातले कोणी सायकलवर ठीक आणि पायी चालताना लंगडे होत असेल, तर त्याला सोंग म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी न्या.